कलाकृती कशी घडते हेच दाखवणारं संकल्पनात्मक स्क्रीनप्रिंट

चित्र कसं बनलं हाच ज्या चित्राचा विषय असतो, अशा संकल्पनात्मक, म्हणजे दिसण्यापेक्षा कल्पनेला महत्त्व देणाऱ्या स्क्रीनप्रिंटबद्दल (जाळीतून शाई दाबून छापलेल्या चित्राबद्दल) ही नोंद आहे. फूल, चेहरा, निसर्ग यातलं काहीही त्यात असू शकतं, पण चित्रकाराला दाखवायचं असतं ते वेगळंच, म्हणजे निर्णय कुणी घेतला, हात कुणाचा लागला आणि मधे काय काय बदललं.

मुळात पद्धत अशी की फ्रेमवर बारीक जाळी ताणून बसवतात, पूर्वी रेशमाची असायची आता बहुतेक पॉलिस्टरची, तिच्यावर इमल्शन, म्हणजे उजेड लागला की घट्ट होणारा लेप लावतात आणि पारदर्शक फिल्मवर काळ्यात काढलेलं चित्र वर ठेवून त्यावर उजेड पाडतात. काळ्याखालचं इमल्शन कच्चं राहतं, ते पाण्याने धुऊन निघतं आणि तेवढीच जाळी मोकळी होते. मग शाई ओतून स्क्विजीने, म्हणजे रबरी पट्टीने दाबून ओढायची की खाली कागदावर छाप. सहसा प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे अशी जाळीची फ्रेम लागते, म्हणून चित्र आधी सुटं करून मग थरांनी परत जुळवावं लागतं, आणि मला वाटतं विचार करणाऱ्या चित्रकारांना हे माध्यम आवडलं ते यामुळेच. जुळणी केसभर चुकली तरी रंगाच्या कडेला पांढरी फट दिसते. एरवी असा कागद बाद होतो, इथे मात्र ती फट, कडेच्या जुळणीच्या खुणा, शाई कमी पडलेली जागा हे सगळं मुद्दाम ठेवता येतं.

1967 मध्ये अमेरिकन संकल्पनात्मक चित्रकार सोल लेविट यांनी लेख लिहून सांगितलं की कल्पनाच कला बनवणारं यंत्र बनते, प्रत्यक्ष करणं ही नंतरची नुसती औपचारिकता. त्यांनी स्वतः भरपूर स्क्रीनप्रिंट केले. पण माझ्या मते स्क्रीनप्रिंट या म्हणण्याला थोडा विरोधही करतं, कारण शाई घट्ट की पातळ, स्क्विजीचा दाब किती, यावर छाप बदलते आणि कल्पना कागदावर जशीच्या तशी उतरत नाही.

ब्रिटिश चित्रकार रिचर्ड हॅमिल्टन यांचं 1970 चं 'केंट स्टेट' हे प्रिंट बघा. अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराची बातमी टीव्हीवर लागली, त्यांनी टीव्हीच्या पडद्याचाच फोटो काढला आणि तो पारदर्शक शाईच्या अनेक थरांत छापला, एडिशन, म्हणजे एकूण प्रती, तब्बल 5000 ची. जखमी विद्यार्थी धूसर दिसतो आणि घटना आपल्यापर्यंत किती हातांतून आली ते त्या धूसरपणातच कळतं. त्याच वर्षी अमेरिकन चित्रकार एड रुशे यांनी लंडनमध्ये शाईऐवजी खाण्याचे पदार्थ वापरून सहा प्रिंटचा संच केला, त्यात चॉकलेट सिरपसुद्धा होतं, म्हणजे तिथे प्रश्न थेट रंगसाहित्यालाच विचारला गेला.

छापणाऱ्याचाही वाटा मोठा असतो, लंडनच्या केल्प्रा या छपाईच्या स्टुडिओत ख्रिस प्रेटर यांनी पाओलोझी, हॅमिल्टन अशा कितीतरी चित्रकारांची कामं छापली, तरी सही चित्रकाराचीच.

छपाई संपली की इमल्शन केमिकलने काढून तीच जाळी पुढच्या चित्राला वापरता येते, त्यामुळे अस्सल असं मागे काही उरतंच असं नाही. प्रक्रिया दाखवू पाहणारे काही चित्रकार म्हणूनच प्रत्येक रंगानंतरचं प्रूफ, म्हणजे त्या टप्प्याची चाचणी छाप, जपून ठेवतात आणि पूर्ण प्रिंटच्या शेजारी तेही लावतात.