फुप्फुसातील माल्ट लिंफोमा

फुप्फुसातील माल्ट लिंफोमा : श्वासनलिकांच्या श्लेष्मकलेशी (आतील अस्तराशी) निगडित लसीका ऊतकातील (इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘माल्ट’) बी-पेशींपासून, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या वंशातील पांढऱ्या पेशींपासून, उद्भवणारा, अत्यंत संथ वाढणारा कर्करोग. फुप्फुसात सुरू होणाऱ्या कर्करोगांत त्याचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. पण तेथे सुरू होणारे बहुतेक लिंफोमा याच प्रकारचे असतात.

१९६३ मध्ये सॉल्टस्टाइन यांनी फुप्फुसातील सौम्य लसीका गाठींना ‘आभासी लिंफोमा’ म्हणून वेगळे काढले. पुढे १९८३ मध्ये आयझॅक्सन व राइट यांनी पचनमार्गातील गाठींवरून माल्ट लिंफोमाची संकल्पना मांडली. नंतरच्या तपासण्यांत, आभासी ठरवलेल्या अनेक गाठींतील पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातील, म्हणजे खऱ्या अर्बुदाच्याच (कर्करोगाच्या गाठीच्याच), निघाल्या. उगमाचा प्रश्न याहून अवघड आहे. सशाच्या श्वासनलिकांभोवती असे लसीका ऊतक असते. निरोगी प्रौढ माणसात ते सहसा आढळत नाही. मग अर्बुद येते कोठून? दीर्घकाळच्या दाहामुळे हे ऊतक आधी नव्याने तयार होते व त्यातून पुढे अर्बुद उद्भवते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लाळ व अश्रू ग्रंथींना बाधणाऱ्या श्योग्रेन विकारासारख्या स्वयंप्रतिरक्षी रोगांशी (ज्यांत प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतकांवर उलटते) असलेला संबंध त्याला पूरक आहे. जठरातील माल्ट लिंफोमात हेलिकोबॅक्टर या जंतूचा वाटा सिद्ध आहे. फुप्फुसात मात्र अ‍ॅक्रोमोबॅक्टर या जंतूकडे केवळ संशयाने पाहिले जाते. काही रुग्णांत ११ व १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल आढळते.

अनेकांना काहीच त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरण चित्रात छाया दिसते. तिला न्यूमोनिया समजून प्रतिजैविके दिली जातात, पण ती महिनोन्‌महिने तशीच राहते. अशा छायेची बायॉप्सी टाळू नये. अर्बुदाच्या पेशींवर सीडी२० हे ओळख पटवणारे प्रथिन असते, सीडी५ व सीडी१० ही प्रथिने बहुधा नसतात. जठर, लाळग्रंथी व डोळ्यांभोवतीचा भागही तपासतात, कारण रोग तेथेही असू शकतो.

लक्षणे नसल्यास, रोग संथ वाढत असल्याने, केवळ नियमित निरीक्षण हा मान्य मार्ग आहे. नुकतेच निदान झालेल्या माणसाला ते उपेक्षेसारखे वाटते, म्हणून त्यामागचे कारण त्याला नीट सांगणे हा उपचाराचाच भाग होय. एका जागी मर्यादित रोगासाठी शस्त्रक्रिया किंवा अल्प मात्रेचे किरणोपचार, तर पसरलेल्या रोगासाठी रिटुक्सिमॅब (सीडी२०ला चिकटणारे प्रतिपिंड औषध), एकटे किंवा क्लोरॅम्ब्युसिल वा बेंडामुस्टिन या कर्करोगविरोधी औषधांसह, वापरतात. बहुतेक रुग्ण अनेक वर्षे जगतात. तरी रोग दीर्घ काळाने उलटू शकतो. क्वचित त्याचे वेगाने वाढणाऱ्या लिंफोमात रूपांतर होते. त्यामुळे छाया एकाएकी वाढल्यास बायॉप्सी पुन्हा करतात.