हिप्पासा
हिप्पासा हा वुल्फ स्पायडर म्हणजे लायकोसिडी कुळातल्या कोळ्यांचा एक जीनस (जवळच्या जातींचा गट) आहे. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागांत तो मिळतो आणि कुळातले बहुतेक कोळी जमिनीवर मोकळे फिरून शिकार करतात तसं न करता हा जाळं बांधून बसतो. फ्रेंच तज्ज्ञ यूजेन सिमॉन यांनी 1885 मध्ये हा जीनस केला. आदर्श जाती, म्हणजे जीनसचं नाव जिच्याशी बांधलेलं असतं ती, हिप्पासा (पुढे हि.) अ‍ॅजेलिनॉइडिस, ती त्यांनीच वर्षभर आधी ब्रह्मदेशातल्या नमुन्यांवरून पायरेटा या जीनसमध्ये टाकली होती. जाती तीसच्या आसपास धरतात, पण हा आकडा खालीवर होत राहतो.

जाळं गवतात, बांधाच्या उतारावर, दगडांच्या फटीत असतं, दव पडलं की सकाळी एकदम नजरेत भरतं. एक आडवी चादर आणि तिच्या कडेला आत शिरणारी नरसाळ्यासारखी नळी, कोळी नळीच्या तोंडाशी पुढचे पाय चादरीवर टेकवून बसतो, किडा पडून धागे हलले की सुसाट बाहेर येतो, चावतो आणि ओढत आत नेतो. चादर चिकट नसते, किड्याचे पाय तिच्यात गुंततात आणि तेवढा वेळ कोळ्याला पुरतो.

अ‍ॅजेलिनिडी कुळातले कोळी हुबेहूब असंच जाळं करतात, म्हणून नुसत्या जाळ्याच्या फोटोवरून ओळख पटवू नये. डोळे बघावेत: पुढे चार बारीक, मग दोन मोठे, त्यांच्यामागे आणखी दोन. मादी अंड्यांची गोल पिशवी स्पिनरेटला (पोटाच्या टोकाच्या, धागा काढणाऱ्या अवयवांना) चिकटवून बाळगते, पिल्लं निघाली की तिच्या पाठीवर चढतात, आणि ही तर वुल्फ स्पायडरचीच खूण.

खरा वाद जाळं कुठून आलं याचा आहे. एक मत असं की वुल्फ स्पायडरचे पूर्वज जाळं करणारेच होते, पुढे गवताळ मोकळी जमीन पसरली तशी बहुतेकांनी जाळं सोडलं आणि हिप्पासाने राखलं. हिप्पासाचे मागचे स्पिनरेट लांब असणं याच्या बाजूने सांगतात. दुसरं मत, आधी सगळे फिरस्ते होते आणि जाळं नंतर वेगवेगळ्या फांद्यांत पुन्हा आलं. कोळीतज्ज्ञ डोंडेल यांनी 1986 मध्ये उपकुळं पाडली तेव्हा हिप्पासा अमेरिकेतल्या सोसिपस या जाळं करणाऱ्या जीनससोबत एकाच उपकुळात होता, म्हणजे हे जाळेवाले एकत्र. पियासेन्टिनी आणि रामिरेझ यांच्या 2019 च्या डीएनए अभ्यासात मात्र हिप्पासिनी हे वेगळं उपकुळ धरलंय. त्यामुळे जाळं आहे म्हणजे जवळचं नातं आहे, हा जुना आधार आता पूर्वीइतका पक्का वाटत नाही, पण जाळं मूळचं की नंतरचं हे तेवढ्याने सुटत नाही, कारण दूरच्या दोन फांद्यांनी जुनीच सवय राखलेली असू शकते. स्पिनरेटचा पुरावाही जपूनच वापरावा, जाळं करणाऱ्याचे ते पुन्हा लांबूही शकतात.

भारतातल्या जातींवर आधी पोकॉक (1900), मग ग्रेव्हली (1924) यांनी काम केलं, हि. लायकोसिना पोकॉक यांची, हि. मद्रासपटाना ग्रेव्हलींची. 1980 मध्ये टिकादार आणि मल्होत्रा यांनी भारतातले वुल्फ स्पायडर एकत्र मांडले, यातले टिकादार पुण्याच्या झेडएसआय (झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) केंद्रात बराच काळ होते. नंतर नव्या म्हणून आलेल्या काही जाती जुन्यांचीच रूपं असाव्यात असं दिसतं, नर-मादीचे जननावयव नीट न तपासता केलेली नावं फार काळ टिकत नाहीत. हि. ग्रीनअ‍ॅली भारत-श्रीलंकेत आहे, हि. होल्मेरी आग्नेय आशियापर्यंत जाते, हि. पार्टिटा इजिप्तपासून मध्य आशियाकडे. सहाराच्या दक्षिणेकडच्या जातींचा आढावा आल्डरवायरेल्ट आणि जोके यांनी 2005 मध्ये घेतला.

फनेल वेब म्हणजे नरसाळ्यासारखं जाळं करणारा कोळी म्हटलं की लोक घाबरतात, पण ऑस्ट्रेलियातला जीवघेणा फनेल वेब अगदी वेगळ्या गटातला आहे, हिप्पासाशी त्याचा संबंध नाही. हि. पार्टिटाच्या विषातलं हायल्युरोनिडेज हे एन्झाइम भारतात वेगळं काढून अभ्यासलं गेलंय.