काउंटी कृषी अनुदान (अमेरिका)

अमेरिकेत केंद्र सरकार शेतकऱ्यांना जे अनुदान देते, त्याचा बराचसा हिशेब काउंटीच्या पातळीवर होतो. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, ढोबळमानाने आपला जिल्हा; एकट्या आयोवा राज्यात ९९ काउंट्या आहेत. महामंदीत शेतमालाचे भाव कोसळल्यावर १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने पेरा घटवणाऱ्यांना पैसे देणे सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये ती योजना घटनाबाह्य ठरवली. १९३८ मध्ये नवा कायदा आला.

आज हे काम केंद्रीय कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’च्या स्थानिक कार्यालयातून चालते. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात पेऱ्याची नोंद साधारण १५ जुलैपर्यंत करावी लागते. टेबलावर शेताचे हवाई छायाचित्र पसरलेले असते, त्यात प्रत्येक तुकड्याला क्रमांक. शेतकरी कोणत्या तुकड्यात काय, किती आणि कधी पेरले ते सांगतो, खंडकरी असेल तर हिस्साही नोंदवतो. गावनकाशा आणि सातबाऱ्यावरचा पीकपेरा एकाच कागदावर आणल्यासारखे हे काम.

गंमत अशी की मुख्य अनुदान या पेऱ्यावर मिळतच नाही. ते ‘बेस एकर’वर, म्हणजे जमिनीच्या जुन्या पीक-इतिहासावरून ठरलेल्या क्षेत्रावर मिळते. गव्हाचा बेस असलेल्या रानात सोयाबीन उभे असले, तरी हिशेब गव्हाचाच. १९९६ नंतरच्या थेट अनुदानाच्या काळात तर टेक्सासमध्ये जुन्या भातजमिनीवर घरे बांधून राहणाऱ्यांनाही पैसे मिळत होते. ते अनुदान २०१४ च्या कायद्याने बंद झाले.

त्याच कायद्याने आलेल्या ‘काउंटी उत्पन्न हमी’त एकेका शेताचे नव्हे, तर काउंटीचे सरासरी एकरी उत्पादन आणि देशभरचा भाव धरतात. दोन्हींची पाच वर्षांतली सर्वांत चांगली व सर्वांत वाईट वर्षे वगळून सरासरी काढतात आणि त्यांच्या गुणाकारातून अपेक्षित एकरी उत्पन्न ठरते. काउंटीचे प्रत्यक्ष उत्पन्न (उत्पादन गुणिले भाव) त्याच्या ८६ टक्क्यांखाली (२०२५ च्या पिकापासून ९०) गेले तरच पैसे सुटतात, तेही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर. गारपिटीने एकाच्या शेताची माती झाली आणि बाकी काउंटी पिकली, तर या योजनेतून त्याला दमडीही नाही. त्यासाठी पीकविमा वेगळा. चीनशी व्यापारयुद्ध पेटल्यावर २०१९ मध्ये दिलेल्या मदतीचा दरही काउंटीवार होता, एकरी १५ ते १५० डॉलर. त्यामुळे रस्त्याच्या अल्याड-पल्याड सारख्याच शेतांना वेगळे पैसे मिळू शकत.

एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती, ती २०२५ मध्ये १,५५,००० झाली. पण भागीदारीत प्रत्येक भागीदाराची मर्यादा वेगळी धरतात, आणि २०१८ च्या कायद्याने चुलत-मावस भावंडे व पुतणे-भाचेही ‘कुटुंबा’त आणले, म्हणजे त्यांनाही भागीदार दाखवणे सोपे झाले. कागदोपत्री शेतकरी वाढवण्याची कला आपल्याकडेच आहे असे समजू नये.

या स्थानिक कार्यालयाच्या कामावर देखरेख करणाऱ्या काउंटी समितीवर शेतकरीच शेतकऱ्यांना तीन वर्षांसाठी निवडून देतात. स्थानिक माणसाला स्थानिक परिस्थिती कळते, हा त्यामागचा हेतू. पण त्याला शेजाऱ्याचा रंगही कळतो. कर्ज व मदतीच्या अर्जांत भेदभाव झाल्याचा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा दावा १९९९ मध्ये तडजोडीने मिटला आणि सरकारला भरपाई द्यावी लागली. दक्षिणेतल्या अनेक काउंट्यांत या समित्या दीर्घकाळ पूर्णपणे गोऱ्यांच्या हाती होत्या.