नाव व कुलचिन्ह यांची छाननी : सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम

मध्ययुगीन युरोपचे जीवन हौसेने जगून पाहणाऱ्या 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम' (एससीए) या संस्थेत प्रत्येकाला एक मध्ययुगीन नाव आणि ढालीवर रंगवायचे एक चिन्ह घेता येते. ते मनात आले म्हणून लावून चालत नाही, निदान नोंदणी हवी असेल तर नाही. नोंदणीसाठी आलेले प्रत्येक नाव व चिन्ह हेराल्ड म्हणवणारे स्वयंसेवक तपासतात, त्यावर लेखी टीका (म्हणजे अभिप्राय) करतात आणि शेवटी ते स्वीकारले किंवा परत पाठवले जाते. या साऱ्या व्यवहाराला नाव व कुलचिन्ह यांची छाननी म्हणता येईल. हेराल्ड या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. दरबारात ललकारी देणारा भालदार-चोपदार, बिरुदे गाणारा भाट आणि घराण्यांच्या चिन्हांचे दप्तर सांभाळणारा दफ्तरदार हे तिघे एका माणसात कालवले तर हेराल्ड तयार होईल.

संस्थेचा जन्म १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या मागच्या अंगणात झाला. काही मित्रमंडळींनी मध्ययुगीन पोशाखात द्वंद्वयुद्धाचा खेळ मांडला आणि तो पुढच्या वर्षीही मांडावासा वाटला. १९६८ मध्ये ना-नफा संस्था म्हणून तिची नोंदणी झाली. आज जगभर तिची वीस 'राज्ये' आहेत. युरोप 'ड्राखेनवाल्ड' राज्यात मोडतो, तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड 'लोखाक'मध्ये. प्रत्येक राज्याचा राजा वेताच्या काठीच्या तलवारींनी लढून ठरतो. काळाची मर्यादा सर्वसाधारणपणे इ. स. १६०० च्या आधीची.

हेराल्डांची उतरंड खऱ्या दरबाराच्या धर्तीवर आहे आणि पदांची नावे तर मुळातूनच चाखावीत अशी आहेत : ईस्ट राज्याचा मुख्य हेराल्ड 'ब्रिगँटिया', मिडलचा 'ड्रॅगन', वेस्टचा 'व्हेस्पर', लोखाकचा 'क्रक्स ऑस्ट्रालिस'. सर्वांच्या वर 'लॉरेल'. नावांचा अंतिम निर्णय लॉरेलच्या हाताखालचा 'पेलिकन' देतो, चिन्हांचा 'रेथ'. आजवर नोंदलेल्या नावा-चिन्हांची सूची 'मॉर्सुलस' सांभाळतो. ही सारी बिनपगारी माणसे दिवसा नोकरी करतात आणि रात्री कोणाच्या तरी ढालीवरचा सिंह कोणत्या पायावर उभा आहे यावर चार ओळी लिहितात.

अर्जाचा प्रवास

अर्ज पहिल्यांदा स्थानिक हेराल्डकडे जातो, तिथून राज्याच्या छाननी अधिकाऱ्याकडे. राज्यपातळीवर टीकाटिप्पणी होते. कच्चे अर्ज इथेच गळतात किंवा दुरुस्त होऊन पुढे जातात. मग राज्य एक 'इरादापत्र' काढते : अमक्याचे हे नाव, हे त्याचे पुरावे, हे चिन्ह आणि त्याचे शब्दांत वर्णन. त्यावर कोणत्याही राज्यातला टीकाकार लिहू शकतो. पेलिकन व रेथ हे सारे वाचून निर्णय देतात आणि दर महिन्याला स्वीकृती व परतीचे पत्र प्रसिद्ध होते. निकाल तीन प्रकारचे असतात : नोंद, परत, किंवा मुद्दा पुन्हा चर्चेला ठेवणे. अर्ज हातात दिल्यापासून शेवटच्या उत्तरापर्यंत कित्येक महिने सहज जातात आणि नव्या सदस्याची सर्वांत मोठी तक्रार तीच असते.

घाई असलेल्यांसाठी मोठ्या मेळाव्यांत सल्ल्याची टेबले लागतात. पेन्सिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात भरणारे 'पेन्सिक युद्ध' (पहिले १९७२ मध्ये) हे त्यांतले सर्वांत गजबजलेले ठिकाण. हे युद्ध हरणाऱ्या राज्याला पिट्सबर्ग शहर घ्यावे लागते, असा त्याच्या उगमाचा विनोद आहे. तिथल्या हेराल्डांच्या तंबूत एका बाजूला कोशांनी भरलेल्या पेट्या असतात, दुसऱ्या बाजूला चित्रकार फॉर्मवरच्या ढाली रंगवत बसलेले. रंगवण्यासाठी मुलांचे 'क्रेयोला' मार्कर हा हेराल्डांचा आवडता सल्ला आहे, आणि त्यामागे अनुभव आहे. प्रिंटरची शाई स्कॅन होताना रंग बदलते, निळ्याचा जांभळा होतो आणि ढालीवरचा रंग नेमका कोणता याचा वाद उभा राहिला की चांगले चिन्ह नुसत्या शाईपायी परत येते.

नावाची तपासणी

टीकाकार नावाला दोन प्रश्न विचारतो. असे नाव त्या काळी असू शकले असते का? आणि ते आधीच दुसऱ्या कोणाचे आहे का? चांगले वाटते की नाही, हा प्रश्न त्याच्या अखत्यारीत येत नाही.

पहिल्या प्रश्नाला पुरावा लागतो. नावाचे किमान दोन घटक हवेत : एक जन्मनाव आणि एक उपनाव, मग ते बापाचे, गावाचे, धंद्याचे किंवा अंगलक्षणाचे असो. प्रत्येक घटक कोणत्या भाषेत, कोणत्या साली, कोणत्या कागदात सापडला ते सांगावे लागते. १६०० ते १६५० हा पट्टा नावांसाठी सवलतीचा मानला जातो. त्यामुळे इंग्लंडमधल्या चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्या टीकाकारांना सोन्याच्या खाणीसारख्या वाटतात. २०१२ मध्ये जुने नियम बाजूला सारून 'स्टँडर्ड्स फॉर इव्हॅल्युएशन ऑफ नेम्स अँड आर्मरी' ही नियमावली लागू झाली. तिचे संक्षिप्त रूप 'सेना' मराठी कानाला भलतेच काही सांगते. तिच्यानुसार एकाच भाषागटातले दोन घटक एकमेकांपासून ५०० वर्षांपर्यंत दूर चालतात. दोन वेगळ्या भाषागटांचा मेळ घालायचा तर अंतर ३०० वर्षांच्या आत हवे आणि त्या दोन समाजांत संबंध असल्याचे दिसले पाहिजे.

इथे कानावर विसंबले की फसगत ठरलेली. टिफनी हे नाव कोणालाही अमेरिकन मॉलमधले वाटेल, पण थिओफानिया या ग्रीक नावापासून आलेले ते रूप मध्ययुगीन इंग्लंड-फ्रान्समध्ये मुलींना ठेवले जाई. उलट फिओना ऐकले की धुक्यातला स्कॉटिश किल्ला डोळ्यांपुढे येतो, पण ते १८व्या शतकातल्या जेम्स मॅक्फर्सनच्या लेखनातून चलनात आले. नव्या टीकाकाराला जुनी मंडळी पहिल्यांदा काय शिकवतात तर स्वतःच्या कानावर भरवसा ठेवू नकोस.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यादीत शोधायचे. नोंदलेल्या कोणत्याही नावाशी नवे नाव उच्चारात आणि दिसण्यात पुरेसे वेगळे हवे. अर्जदाराचे व्यवहारातले कायदेशीर नावही जसेच्या तसे नोंदवता येत नाही, मात्र त्यातला एखादा घटक घेता येतो.

हा नियम मध्ययुगापेक्षा कडक आहे, हे इथे सांगितले पाहिजे. १४व्या शतकातल्या इंग्रज गावात जॉन, विल्यम, रिचर्ड, रॉबर्ट, थॉमस एवढ्या नावांत बहुसंख्य पुरुष आटोपत. एकाच गल्लीत दोन जॉन बेकर असले तरी कोणाचे काही अडत नसे. संस्थेने मात्र ओळख ही जगभर एकाचीच असावी असे ठरवले. म्हणून छाननीतला निम्मा भाग इतिहासाचा नाही, संस्थेच्या स्वतःच्या व्यवस्थेचा आहे. टीकाकारांच्या लिखाणात हे दोन्ही धागे सतत गुंततात आणि नवख्या अर्जदाराला कोणता नकार इतिहासाचा नि कोणता संस्थेचा, ते कळत नाही.

चिन्हाची तपासणी

चिन्हाच्या बाबतीत आधी त्याचे शब्दांत वर्णन होते. त्याला ब्लेझन म्हणतात. ही भाषा जुन्या फ्रेंच वळणाची आणि ठरीव क्रमाची आहे : आधी पार्श्वभूमी, मग मुख्य आकृती, मग बाकीचे. नोंद होते ती चित्राची, पण शोध घ्यायचा तो वर्णनाच्या आधारे. म्हणून वर्णन वाचून कोणाही चित्रकाराला तीच ढाल काढता आली पाहिजे. सोने व चांदी हे 'धातू' (चित्रात पिवळा व पांढरा), आणि लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लढाईच्या धुळीत दुरून ओळख पटायला हवी, एवढे साधे कारण यामागे सांगतात. खऱ्या इतिहासात अपवाद आहेत. जेरुसलेमच्या राज्याचे चिन्ह म्हणजे चांदीवर सोन्याचे क्रूस, आणि या एका उदाहरणाच्या जोरावर नियम मोडू पाहणारा अर्जदार टीकाकारांच्या चांगलाच परिचयाचा आहे.

गर्दीलाही मर्यादा आहे. रंग आणि आकृतींचे प्रकार मोजून बेरीज आठच्या वर गेली की चिन्ह सहसा अडते. एकाच गटात तीन वेगवेगळ्या आकृती मांडल्या तर टीकाकार त्याला 'स्लॉट मशीन' म्हणतात आणि परत पाठवतात.

टक्कर, म्हणजे नवे चिन्ह आधीच्या चिन्हाच्या फार जवळ जाणे, तपासण्याचा हिशेब उदाहरणाने लवकर कळतो. १३८५ मध्ये रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर हे दोन इंग्रज सरदार एकाच मोहिमेत एकच चिन्ह घेऊन उतरले : निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी तिरका पट्टा. प्रकरण सरदारी न्यायालयात गेले आणि पाच वर्षे चालले. शेकडो साक्षी झाल्या, त्यांत कवी जेफ्री चॉसरचीही. न्यायालयाने स्क्रोपच्या बाजूने कौल दिला, पण ग्रोव्हनरला तेच चिन्ह चांदीची किनार लावून वापरायची मुभा दिली. राजा रिचर्ड दुसरा याने १३९० मध्ये तीही काढून घेतली. मग ग्रोव्हनर घराण्याने निळ्यावर सोन्याची गव्हाची पेंढी घेतली.

आजच्या नियमांनी हा खटला एका बैठकीत सुटला असता. दोन चिन्हांत साधारणपणे दोन 'स्पष्ट फरक' लागतात, किंवा मुख्य आकृती पुरती बदललेली असली तर तेवढे एकच पुरते. किनार लावणे हा एकच फरक, त्यामुळे स्क्रोपची लेखी परवानगी नसेल तर टक्कर. तिरक्या पट्ट्याऐवजी पेंढी आली की मुख्य आकृतीच पालटली, टक्कर संपली. राजाने जे केले तेच टीकाकारांनी केले असते. खटल्यातली दुसरी गोष्ट मात्र नियमावलीत बसत नाही. कॉर्नवॉलमधले कार्मिनो घराणेही हेच चिन्ह वापरत असे आणि त्याचा स्क्रोपशी तंटा आधीच झाला होता. कार्मिनोने आपला हक्क थेट राजा आर्थरच्या काळापर्यंत नेला, स्क्रोपने विल्यम विजेत्यापर्यंत, आणि दोघांनाही ते चिन्ह राहू दिले गेले. खऱ्या मध्ययुगाला पुष्कळदा असे चालत असे. एससीएत चालत नाही.

काही चिन्हे राखीव आहेत. लॉरेलचे पानांचे वलय संस्थेच्या शाखांसाठी, बंद साखळीचे कडे सरदारांसाठी. पांढऱ्यावरचा सुटा लाल क्रूस रेडक्रॉसमुळे निषिद्ध. देशांची व प्रसिद्ध घराण्यांची चिन्हे संरक्षित. नाव आणि चिन्ह मिळून एखाद्या ऐतिहासिक घराण्याशी नाते सांगू लागले, किंवा नावातून न मिळवलेली पदवी डोकावली, तर तो खोटा दावा ठरतो.

स्वस्तिकालाही संपूर्ण मनाई आहे. ते युरोपच्या जुन्या कुलचिन्हांत सापडते, तरीही नाझी राजवटीनंतर ते कोणाला दुखवल्याशिवाय राहणार नाही, या कारणाने. उंबरठ्यावर रोज ते काढणाऱ्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, पण नियम अर्जदाराच्या मनातला अर्थ पाहत नाही, ढाल पाहणाऱ्याच्या मनात काय उठेल ते पाहतो.

मराठी नावे आणि चिन्हे

युरोपला माहीत असलेल्या इतर प्रदेशांतली नावेही पुराव्यासह नोंदता येतात, त्यामुळे मराठी नावाला दार बंद नाही. अडचण काळाची आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, म्हणजे शिवकाल म्हणून जे आपल्या डोळ्यांपुढे येते ते जवळजवळ सारे मर्यादेबाहेर पडते. मालोजी, शहाजी ही पिढी आत बसते. पण नुसते 'मालोजी' चालणार नाही. दुसरा घटक लागेल, तो जोडण्याची रीत त्या काळच्या कागदातून दाखवावी लागेल आणि देवनागरी-मोडीतले नाव एकाच लिप्यंतर पद्धतीने रोमन अक्षरांत लिहावे लागेल. 'मालोजी बाबाजी' अशी बापाच्या नावाची रीत मराठी माणसाला सांगावी लागत नाही, पेलिकनला मात्र कागद दाखवावा लागतो.

मराठी मुलुखात युरोपीय धाटणीची कुलचिन्हे आली ती वेगळ्याच वाटेने. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली गेली. त्यांवरची चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने रचली होती. तिथे टीकाकार नव्हते आणि अर्जही नव्हते.

नोंद झाल्यावर

नोंद झालेले चिन्ह लगेच 'आर्म्स' म्हणवत नाही. राज्याकडून तसा सन्मान मिळेपर्यंत ते 'डिव्हाइस' असते, चित्र तेच राहते. परत आलेल्या अर्जासोबत कारण लिहिलेले असते आणि दुरुस्ती करून तो पुन्हा पाठवता येतो. पुष्कळदा एका आकृतीचा रंग बदलणे किंवा तिसरी मासोळी काढून टाकणे एवढेच पुरते. टीकाकारांच्या अभिप्रायात अशा सूचना नेहमी येतात. मासोळीवर जीव जडलेल्या माणसाला मात्र त्या क्रूर वाटतात.

नोंद कायमची असते. सदस्यत्व संपले, माणूस संस्थेतून निघून गेला, तरी तो स्वतः सोडत नाही तोवर नाव-चिन्ह त्याचेच राहते. नियम पुढे कडक झाले तरी जुनी नोंद रद्द होत नाही आणि तिचा मालक तिच्यातला घटक नव्या अर्जात पुन्हा वापरू शकतो. त्यामुळे मॉर्सुलसच्या सूचीत आज कोणी मागितल्या तर हमखास परत येतील अशा पहिल्या वर्षांतल्या विचित्र ढाली अजून आहेत, आणि नव्या अर्जांना त्यांच्यापासूनही दोन फरक दाखवावे लागतात.