गॅलेक्सी एस25 अल्ट्रा घेण्याआधी: ग्राहकांसाठी माहिती

जानेवारी 2025 मध्ये आलेल्या सॅमसंगच्या या फोनची भारतातली सुरुवातीची किंमत 1,29,999 रुपये होती, 12 जीबी रॅम आणि 256 जीबी स्टोरेजसाठी. कंपनीने 7 वर्षं अँड्रॉइड आणि सिक्युरिटी अपडेट देण्याचं कबूल केलं आहे. फोन पाच-सहा वर्षं वापरणार असाल तरच हा भाव परवडतो. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला आम्ही हा सुचवत नाही. प्रोसेसर एवढी वर्षं आरामात काढेल. आपल्याकडे फोनला खातं ते ऊन, चुकीचं चार्जिंग आणि फुटलेली काच.

आधी उन्हाचं बोलू

कंपनी हा फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरायला सांगते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा 42-45 वर असतो, म्हणजे सावलीतसुद्धा आपण मर्यादेबाहेर. स्क्रीन 2600 निट्सपर्यंत (निट्स म्हणजे उजेडाचं माप) उजळते आणि काचेवर चकाकी फार कमी येते. शेतात उभं राहून भाव बघायला यासारखी स्क्रीन क्वचितच मिळेल. पण फोन तापला की तो स्वतःच उजेड उतरवतो, चार्जिंग मंदावतो, कधी कॅमेराही बंद करतो. हा बिघाड नाही, बॅटरी वाचवण्याची सोय आहे. सुरत हायवेवर डॅशबोर्डवर मॅप चालू, चार्जर लावलेला आणि काचेतून थेट ऊन, असं झालं की हमखास हेच होतं. फोन एसीच्या जाळीसमोरच्या होल्डरला लावा, कव्हर काढा. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा कूलरच्या ओल्या जाळीवर मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

चार्जिंग

बॅटरी 5000 एमएएच, वेग 45 वॅट. डब्यात केबल मिळते, चार्जर मिळत नाही. तो खर्च वेगळा धरा. चार्जरवर 45 वॅटसोबत ‘पीपीएस’ (PPS, फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारी सोय) लिहिलेलं हवं आणि केबल 5 अँपिअरची. पीपीएस नसलेला नुसता पीडी (PD, टाइप-सीचा सर्वसाधारण फास्ट) चार्जर लावला तर वेग बराच पडतो, आणि मग ग्राहक फोनला दोष देतो. सेटिंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन चालू करून मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा, निदान मार्च ते जून. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत सर्वांत लवकर खराब होते. इतकं सांभाळूनही तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च आजच हिशोबात घ्या.

गावाकडे 5जीची एकच काडी असेल तर फोन सतत सिग्नल शोधत राहतो आणि दुपारपर्यंत बॅटरी निम्मी होते. तिथे नेटवर्क मोड 4जीवर ठेवा.

जिनिंगमध्ये किंवा कापसाच्या व्यापारात असणाऱ्यांसाठी खास सूचना: रुईचे तंतू टाइप-सी पोर्टमध्ये दाबून बसतात, पिन पूर्ण आत जात नाही आणि चार्जिंग तुटक होतं. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच कोरा. सुई घालू नका, पिना वाकतात. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर फुंकर न मारता फोन वाळू द्या. या फोनचं आयपी 68 हे पाणी-धुळीपासून संरक्षणाचं मानांकन म्हणजे दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. फवारणीचं औषध किंवा साबणाचं पाणी त्यात मोडत नाही, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

काच

स्क्रीन फुटली तर बहुधा फ्रेमसकट बदलते; खर्च एका चांगल्या मध्यम फोनएवढा होऊ शकतो. म्हणून कडा उंच असलेलं कव्हर हवंच. साधी टेम्पर्ड काच लावलीत तर चकाकी कमी करणारा गुण झाकला जातो, आणि जाड काचेखाली अल्ट्रासोनिक फिंगरप्रिंट (ध्वनिलहरींनी बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर) अडखळतो. यूव्ही गमाची (दिव्याने सुकवायच्या पातळ गमाची) काच लावताना गम स्पीकरच्या फटीत किंवा बटणांत उतरतो, ते काम घाईत करून घेऊ नका. आमचं मत: या फोनला मान्यताप्राप्त पातळ फिल्म लावा आणि लावल्यावर बोटांचे ठसे नव्याने नोंदवा.

कॅमेरा

मुख्य सेन्सर 200 मेगापिक्सलचा, पण फोटो साधारणपणे 12 मेगापिक्सलचाच निघतो. 16 पिक्सल मिळून एक होतो, म्हणून अंधारातही फोटो स्वच्छ येतो. 200चा मोड फक्त मोठं प्रिंट काढायचं असेल तेव्हा, भर उजेडात. 5 एक्स झूमने मंडपाच्या मागच्या रांगेतून नवरा-नवरीचे चेहरे छान येतात. घरात कमी उजेडात धावणारी मुलं मात्र अजूनही हलकी धूसर येतात. सराफांनी दागिना अगदी जवळून टिपू नये. दोन-एक फूट मागे सरून 3 एक्सवर घ्या, फोनची सावली पडत नाही आणि आकार वाकडा दिसत नाही.

मेमरी कार्डला जागा नाही. 4के व्हिडिओ मिनिटाला काही शे एमबी खातो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी सरळ 512 जीबी घ्यावा, किंवा टाइप-सी एसएसडी (बाहेरून जोडायची साठवण) सोबत ठेवावी. एस-पेनमधलं (फोनसोबत येणाऱ्या लिहिण्याच्या पेनातलं) ब्लूटूथ या मॉडेलपासून गेलं, त्यामुळे पेनाने लांबून फोटो काढता येत नाही. लिहिण्यात फरक नाही. वजन 218 ग्रॅम, सदऱ्याच्या वरच्या खिशात ते जाणवतं.

व्हॉट्सॲप, यूपीआय, रील्स आणि फोन एवढंच काम असेल तर याच्या तिसऱ्या हिश्शाचा फोन घ्या. तो आम्ही तितक्याच आनंदाने देऊ.

घेताना आणि घरी नेल्यावर

*#06# दाबून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) पाहा. डबा, फोन आणि बिल तिन्हीकडे तोच नंबर हवा. इंग्रजीत ‘KYM’ लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 वर एसएमएस केला की सरकारी नोंद कळते. जीएसटी नंबर असेल तर बिल फर्मच्या नावाने मागा. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा 18 टक्के जीएसटी सहसा तुमच्यावरच पडतो, रक्कम आधी विचारा.

जुन्या फोनचा डेटा स्मार्ट स्विच या सॅमसंगच्या ॲपने, शक्यतो केबल जोडून घ्या. बँक आणि यूपीआय ॲप आपोआप येत नाहीत. सिम नव्या फोनमध्ये टाकून पुन्हा नोंदणी करावी लागते. ती पूर्ण होईपर्यंत जुना फोन पुसू नका. पुसण्याआधी त्यातलं गूगल अकाउंट काढा, नाहीतर रिसेटनंतर तो तुमचाच पासवर्ड मागत राहील आणि एक्स्चेंजमध्ये कोणी घेणार नाही.