हिंमत कमी पडली म्हणून कोणी जात नाही

“मन घट्ट ठेव, निम्मं दुखणं तिथंच पळतंय.” बीड-लातूरकडं कॅन्सरच्या पेशंटला भेटायला आलेला पाहुणा बहुधा हे बोलूनच उठतो. बोलण्यात माया असते. पण पेशंट गेला की तीच माणसं म्हणतात, “त्यानं हायच खाल्ली.” मग दोष मेलेल्या माणसावर जातो, आणि मागं राहिलेली बायको ‘आपणच धीर द्यायला कमी पडलो का’ म्हणत झुरत राहते.

ही समजूत संशोधकांनी तपासून पाहिली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोकं आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटचा अभ्यास मांडला. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर याच गटात येतो, आणि तंबाखू, गुटखा, मिश्रीच्या आपल्या मुलखात तो कुणाला नवा नाही. सुरुवातीला प्रत्येकाची मनःस्थिती प्रश्नावलीनं मोजली होती. पुढं ६४६ जण दगावले. मन उभारीत असलेले जास्त जगले का? नाही. खचलेले लवकर गेले का? तेही नाही.

त्याआधी चित्र वेगळं दिसत होतं. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी, स्तनाचा कॅन्सर शरीरभर पसरलेल्या ८६ बायकांच्या अभ्यासात, दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या बायका जास्त जगल्याचं दाखवलं होतं. जगभर आशा पालवली. पण २००१ मध्ये कॅनडातल्या पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. मात्र ज्या आधीपासून जास्त त्रासात होत्या, त्यांचं मन हलकं झालं आणि वेदनाही कमी जाणवू लागल्या. मला हा निकाल पहिल्यापेक्षा मोलाचा वाटतो. मनाची काळजी घ्यायला ‘आयुष्य वाढतं’ हे कारण लागतच नाही. आहेत ते दिवस सुसह्य होणं पुरेसं आहे.

ते कसे होतात? रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये संकटाला तोंड देण्याच्या दोन वाटा सांगितल्या. जे बदलता येतं त्याला हात घालायचा: महात्मा फुले योजनेची कागदं जमवणं, बार्शी किंवा संभाजीनगरला शेक (रेडिएशन) घ्यायला जाताना मुक्कामाची सोय लावणं, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून नेणं. जे बदलत नाही, त्याच्या दुःखाला वाट करून द्यायची: रडणं, बोलणं, हरिपाठाला बसणं. रडणारा माणूसही आजाराशी झुंजतच असतो. त्याला “रडू नको” म्हणून गप्प करणं म्हणजे त्याची एक वाट बंद करणं.

आपल्याकडं आणखी एक होतं. घरचे “साधी गाठ आहे” म्हणतात आणि कॅन्सर हा शब्द ओठावर येऊ देत नाहीत. पण दवाखान्याची पाटी आणि शेजारच्या खाटांवरचे पेशंट सगळं सांगतात. मग पेशंट घरच्यांसाठी हसतो, घरचे त्याच्यासाठी हसतात, आणि भीती ज्याची त्याच्याजवळच राहते. त्याला किती जाणून घ्यायचं आहे, हे त्यालाच विचारावं.

बोस्टनमध्ये जेनिफर टेमेल यांनी २०१० मध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच वेदनाशामक सेवा, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर मिळाली. त्यांचं जगणं जास्त सुखाचं झालं, नैराश्य कमी राहिलं. ते जगलेही थोडे जास्त: ८.९ महिन्यांच्या जागी ११.६. तसं का झालं, हे त्या अभ्यासानं सिद्ध केलं नाही. पण तिथं पेशंटकडून हिंमत मागितली नव्हती. दुखतंय किती, दम लागतो का, कशाची काळजी वाटते, हे विचारलं होतं.

एक फरक मात्र घरच्यांनी ओळखावा. दुःख स्वाभाविक आहे. पण दोन आठवडे कशातच मन लागेना, झोप उडाली, ‘मी ओझं झालो’ असं सारखं तोंडी येऊ लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत, ते कॅन्सरच्या उपचारांसोबत घेता येतात. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं. पेशंटइतकाच तो रात्र-रात्र जागणाऱ्या घरच्यांसाठीही आहे.