‘स्नाफू’तलं ‘नॉर्मल’ आणि वहीतला पतंग

इंग्रजीतल्या ‘स्नाफू’चा घोळ, गडबड, असा अर्थ बहुतेक कोशांत मिळतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१च्या सुमारास, अमेरिकी सैन्यात हा शब्द रुळला. लष्कराचा कारभार आद्याक्षरांवर चालायचा, आणि सैनिकांनी त्याच थाटात आपलंही एक तयार केलं : ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप’. परिस्थिती नेहमीसारखीच, सगळा बट्ट्याबोळ! ‘फाउल्ड’ हा चारचौघांत म्हणायचा शब्द. बराकीत त्या जागी ‘फ’वरूनच सुरू होणारी शिवी असे. पण शब्दाची खरी धार त्या शिवीत नाही, ‘नॉर्मल’मध्ये आहे. हुकूम उलटसुलट, रसद भलतीकडे, आणि हे रोजचंच. वरिष्ठांपुढे तोंड उघडायची सोय नसलेल्या माणसाने ही तक्रार अहवालाच्या भाषेत बसवली. म्हणून मराठीत ‘गडबड’पेक्षा ‘सावळागोंधळ’ मला जवळचा वाटतो. त्यात निदान ‘हे असंच चालतं’ याची छटा आहे.

पुढे लष्करानेच तो शब्द उचलला. १९४३पासून सैनिकांना धडे देण्यासाठी ‘प्रायव्हेट स्नाफू’ नावाच्या शिपायाचे छोटे कार्टूनपट निघाले. लेखकांत थिओडर गायझेल, म्हणजे मुलांचे लाडके डॉ. स्यूस, होते. हा स्नाफू गुपितं बडबडतो, मच्छरांपासून बचाव करत नाही, आणि दर वेळी फळं भोगतो. पहिल्याच भागात निवेदक नावाची फोड सांगतो : ‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल...’ आणि थबकतो. मग सावरून ‘ऑल फाउल्ड अप’. त्या थबकण्यात काय गिळलं, हे पाहणाऱ्या प्रत्येक जवानाला ठाऊक होतं.

‘ग्लिच’, म्हणजे यंत्रातला अचानक छोटा बिघाड, याचा प्रवास वेगळा. त्याचं मूळ यिद्दिश या युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत सांगतात. तिथे ‘ग्लिच’ म्हणजे घसरडी जागा. रेडिओवाल्यांच्या तोंडून तो तंत्रज्ञांकडे गेला, आणि १९६२मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी विजेच्या दाबातल्या अचानक चढउताराबद्दल तो वापरला.

‘बग’ म्हणजे किडा, आणि संगणकातला दोषही. त्याबद्दलची प्रसिद्ध गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. हार्वर्ड विद्यापीठात बांधलेल्या ‘मार्क टू’ या संगणकाच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, ९ सप्टेंबर १९४७ला पतंग (दिव्याभोवती घिरट्या घालतो तो किडा) अडकलेला सापडला. नोंदवहीत वेळ आहे दुपारी ३.४५ची, रिले क्रमांक ७०. पतंग पानावर चिकटपट्टीने लावला आणि खाली लिहिलं, की प्रत्यक्ष बग सापडल्याची ही पहिलीच वेळ. संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर हा किस्सा रंगवून सांगत, म्हणून शोधाचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. पतंग त्यांनी शोधला नव्हता. आणि शब्द तर त्या दिवशी जन्मलाच नाही. १८७८मधल्या एका पत्रात एडिसन यांनी यंत्रातल्या बारीकसारीक दोषांना ‘बग’च म्हटलं आहे. शिवाय ‘प्रत्यक्ष’ हा शब्द पाहा. आधीपासून दोषाला किडा म्हणत असतील, तरच खरा किडा सापडल्याची गंमत वाटणार. लिहिणाऱ्याला ती वाटली, म्हणून तर त्याने पतंग जपला. ते पान पतंगासकट आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.